लोकल डोंगर, ओला बर्फ

'लोकल' म्हटलं की आपल्याला आधी ट्रेन आठवते. सिएटलमध्ये ऑफिसातले लोक 'लोकल माउंटनला जातोय' म्हणतात, तेव्हा त्यांच्याही मनात साधारण तेच असतं: जवळचं, नेहमीचं, फारसं कौतुक नसलेलं, पण ज्याच्यावाचून करमत नाही असं. आमचा लोकल डोंगर म्हणजे स्नोक्वालमी पास. शहरातून आय-९० हायवेने साधारण ८५ किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर तासाभराचा प्रवास. लॅपटॉप बंद करून निघायचं, फ्लडलाइटच्या उजेडात दोन-तीन तास स्नोबोर्ड चालवायचा आणि रात्री घरी येऊन भात लावायचा.

ही खिंड ९२१ मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही खाली. तिथल्या चार भागांपैकी सगळ्यात उंच आणि अवघड भाग अल्पेंटल. त्याचं टोक साधारण कळसूबाईइतकं. एवढ्याशा उंचीवर इतका बर्फ पडण्यामागचं गणित सह्याद्रीचंच आहे. पॅसिफिकवरून आलेली ओली हवा कॅस्केड रांगेला धडकते, वर चढते, थंड होते आणि सगळं ओझं पश्चिम उतारावर आणि माथ्यावर टाकते. पलीकडे कोरडा प्रदेश. कोकण, घाट आणि देश, फक्त अक्षांश बराच वरचा आणि मोसम हिवाळ्याचा. याच रांगेत उत्तरेला असलेल्या माउंट बेकर स्की एरियात १९९८-९९ च्या मोसमात ११४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला. तो जागतिक विक्रम आहे.

पण हा बर्फ रील्समध्ये पिठासारखा उडतो तसला नव्हे. खिंडीतलं तापमान शून्याच्या आसपासच घुटमळतं, त्यामुळे बर्फ ओला आणि जड. मुठीत दाबला की पाणी निघतं. त्याला इथे 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात. सकाळी बर्फ, दुपारी पाऊस आणि रात्री वर गोठलेला काचेसारखा थर, हे सगळं एका दिवसात होऊ शकतं. स्नोबोर्डिंगचे बरेचसे व्हिडिओ कोरड्या बर्फाच्या प्रदेशातले असतात. म्हणून पुढचं सगळं ओल्या बर्फाच्या हिशोबाने सांगतो.

पहिले पैसे बुटांवर घाला. बोर्ड पहिल्या मोसमात भाड्याने घेतला तरी चालतो, बूट शक्यतो स्वतःचे असावेत. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकली पाहिजेत आणि टाच जागची उचलली जाता कामा नये. नवे बूट वापराने सैल होतात, त्यामुळे दुकानात सपातांसारखे आरामशीर वाटणारे बूट दोन महिन्यांत ढगळे होतात. आत एकच पातळ लोकरी मोजा घाला. दोन मोजे घातले की सुरकुत्या पडतात, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

बोर्डची लांबी उंचीपेक्षा वजनावर ठरते. प्रत्येक बोर्डचा तक्ता असतो, तो बघा. पाय मोठा असेल तर रुंद बोर्ड घ्या, नाहीतर वळताना बुटाचं टोक बर्फात घासतं आणि आपण तोंडावर आपटतो. शिकताना बोर्ड थोडा लवचिक आणि टोकांकडे वर उचललेला असला की कड पटकन अडकत नाही. बाइंडिंग बदकाच्या पायांसारखी बाहेर वळवा: पुढचा पाय साधारण १५ अंश, मागचा उलट दिशेला ६ ते ९.

कपड्यांत कॉटन काहीच नको, अगदी आतला टी-शर्टसुद्धा. ते भिजतं आणि अंगावर गार होऊन बसतं. जॅकेटवर १०,००० मिलिमीटर लिहिलेलं असेल तर कोरड्या बर्फात चालून जातं. इथे २०,००० वालं घ्या, कारण खरा सामना पावसाशी असतो. हातमोज्यांचे दोन जोड न्या. काळ्या काचेचा गॉगल ढगात आणि रात्री निरुपयोगी ठरतो, पिवळी किंवा गुलाबी काच घ्या. आणि बोर्डला उबदार तापमानाचं वॅक्स लावा. ओल्या बर्फात बोर्डखाली पाण्याचा थर तयार होतो आणि तो बोर्डला चिकटून धरतो. बोर्ड थांबतो, आपण थांबत नाही.

आता उभं राहण्याबद्दल. मुंबईच्या लोकलमध्ये काही न धरता उभं राहता येत असेल, तर निम्मा स्नोबोर्डिंगचा अभ्यास झालेला आहे. गाडी जाते एका बाजूला, आपलं तोंड असतं दुसरीकडे. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे सैल, कंबर गाडीबरोबर हलणारी आणि खांदे शांत. बोर्डवर हेच करायचं असतं. कोणता पाय पुढे ते ठरवायचं असेल तर गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावत जाऊन घसरा. जो पाय आपोआप पुढे जाईल तो तुमचा पुढचा पाय.

पहिला दिवस टाचेकडच्या कडेचा. बोर्ड उतारावर आडवा ठेवायचा, टाचांवर वजन द्यायचं आणि हळूहळू खाली घसरायचं. मग तेच चवड्यांवर, डोंगराकडे तोंड करून. मग गळणाऱ्या पानासारखं डावीकडे, उजवीकडे तिरपं झुलत उतरायचं. या वेळी एकच नियम पाळायचा: बोर्डची डोंगराकडची कड बर्फात, दरीकडची कड उचललेली. दरीकडची कड टेकली की बोर्ड जागीच रुततो आणि माणूस चटईसारखा आपटतो. पडताना हात पसरू नका. नवशिक्यांमध्ये सगळ्यात जास्त दुखापती मनगटाच्या होतात. मूठ मिटून कोपरापासूनचा हात टेकवा, मागे पडत असाल तर हनुवटी छातीला लावून पाठ गोल करा. मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट याला पर्याय नाही.

खरी गोष्ट वळणात आहे. उतारावर तांब्याभर पाणी ओतलं तर ते ज्या रेषेने वाहील, तिला फॉल लाइन म्हणतात. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाताना बोर्ड क्षणभर त्या रेषेवर, सरळ खाली तोंड करून असतो. त्या क्षणी शरीर आपोआप मागे झुकतं, मागच्या पायावर, डोंगराच्या दिशेने. वाटतं की तिकडे सुरक्षित आहे. पण वजन मागे गेलं की बोर्डचं नाक हलकं होतं, कड धरत नाही, बोर्ड वळायचं नाव घेत नाही आणि वेग वाढत जातो. उलट पुढच्या पायावर, म्हणजे ज्या दिशेची भीती वाटते त्या दिशेला वजन टाकलं की नाक बर्फ धरतं, शेपूट मागून गोल फिरत येते आणि बोर्ड आपोआप हळू होतो. जिथे जायचंय तिथे नजर, मग पुढचा खांदा, मग पुढचा गुडघा, या क्रमाने. नजर झाडावर ठेवली तर झाडाकडेच जाल. हे वाचून पटतं एका मिनिटात. पायांना पटायला मला पाच शनिवार लागले.

एक सूचना गंमतीत घेऊ नका. खूप बर्फ पडल्यावर मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती, फांद्यांखाली पोकळ खड्डा राहतो. त्यात डोकं खाली जाऊन पडलं तर स्वतःहून बाहेर येणं जवळपास अशक्य असतं. झाडांत एकटं जाऊ नका, जोडीदार दिसेल इतक्या अंतरावर ठेवा. हद्दीबाहेर जाणाऱ्या गेटमधून तर प्रशिक्षण आणि उपकरणांशिवाय पाऊलही टाकू नका.

गेल्या हिवाळ्यात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. आई म्हणाली, "सांभाळून रे." माण तालुक्यातल्या काकांचा फोन आला. बोर्ड, उडी, हेल्मेट यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, "आरं, एवढा बर्फ वितळल्यावर पाणी कुठं जातंय?"

मला उत्तर माहीत नव्हतं. शोधलं. खिंडीच्या पूर्वेकडच्या उतारावरचं पाणी खालच्या कीचेलस तलावात उतरतं, तिथून याकिमा नदीत आणि पुढे पावसाच्या सावलीतल्या याकिमा खोऱ्यात. पुण्याच्या फळवाल्याकडे ज्या सफरचंदांवर वॉशिंग्टनचं स्टिकर असतं, ती अशाच कालव्यांच्या पाण्यावर वाढतात. खोऱ्यासाठी पाच मोठे जलाशय आहेत आणि डोंगरावरच्या बर्फाला तिथे सहावा जलाशय म्हणतात. पाच धरणं वसंतापर्यंत भरतात. सहावा जलाशय उन्हाळ्यात हळूहळू पाझरत राहतो.

२०१५ मध्ये तो सहावा जलाशय रिकामा होता. हिवाळ्यात पाणी नेहमीइतकंच पडलं होतं, पण उबेमुळे ते बर्फाऐवजी पाऊस होऊन पडलं आणि वाहून गेलं. मे महिन्यात अख्ख्या राज्यात दुष्काळ जाहीर झाला. ज्यांचा पाण्यावरचा हक्क नंतरचा, त्या याकिमाच्या शेतकऱ्यांना त्या वर्षी निम्म्याहून कमी पाणी मिळालं. तापमान एक अंशाने वाढलं की बर्फाची रेषा साधारण दीडशे मीटर वर सरकते. ९२१ मीटरच्या खिंडीसाठी दीडशे मीटर म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. ओला बर्फ म्हणजे पाऊस होता होता राहिलेला बर्फ. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच. आभाळ दिसतं, पण पदरात पडंल तेव्हा खरं."

तेव्हापासून निघण्याआधी हवामानाच्या ॲपवर किती इंच पडणार याच्याआधी मी गोठणरेषा किती उंचीवर आहे ते बघतो. ती खिंडीपेक्षा बरीच वर असेल तर खिंडीत पाऊस. तरीही कधीकधी जातो. गर्दी नसते, चेअरलिफ्टला रांग नसते, जॅकेटची परीक्षा होते. एप्रिलमधल्या दुपारी बर्फ रव्यासारखा मऊ होतो, पडलं तरी लागत नाही. नव्याने शिकणाऱ्या मित्रांना मी तेव्हाच घेऊन जातो. कडेला बसून बाइंडिंग आवळताना बर्फाखालून पाण्याचा बारीक आवाज येत असतो. त्यांना सांगतो, पाणी जिकडे जातंय तिकडे बघ आणि पुढच्या पायावर वजन दे.