कॉफी? बरं नाही का?

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या घरातला पितळी फिल्टर मोडीत गेला. मोडवाल्याने तो उघडूनही पाहिला नाही. कडी तुटलेलं घंगाळ, वाकडी समई आणि तो, असं सगळं एकदम काट्यावर टाकलं आणि पितळेच्या भावाने पैसे मोजून दिले. आतली दांडीची चकती, जिला आम्ही छत्री म्हणायचो, तीही वजनात धरली गेली. जाऊबाईंनी पैसे माझ्या हातावर ठेवले तेव्हा मी काही बोलले नाही. त्यांच्या लेखी ते बुडाला भोकं असलेलं, कल्हई उडालेलं भांडं होतं. कल्हईवाला गावात फिरायचा थांबला त्यालाही आता काळ लोटला.

लेक पुण्याहून फोनवर म्हणाला, “आई, आता मशीनच घेऊन टाकू. बटण दाबलं की कॉफी.” किंमत ऐकली. तेवढ्यात आमच्याकडे दोन-तीन दुभत्या शेळ्या येतात.

खरं म्हणजे तो फिल्टर आमचा नव्हताच. बीड जिल्ह्यातल्या परळीच्या थर्मल वीज केंद्राचा पहिला संच 1971 साली सुरू झाला. पुढे 210 मेगावॅटचे मोठे संच आले आणि त्यांच्या मागोमाग ठिकठिकाणची माणसं आली. वसाहतीत आमच्या भिंतीला भिंत लागून म्हैसूरकडचं कुटुंब राहायचं. त्या बाईंना सगळी वसाहत अम्मा म्हणायची. त्यांच्या घरातून सकाळी जो वास यायचा तो आमच्या बाजूच्या कुठल्याच घरातून येत नसे.

अम्मांचं नाव निघालं की मला एकच पहाट आठवते. 30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून लोक नुकते आडवे झाले होते. 3 वाजून 56 मिनिटांनी मांडणीवरची भांडी खाली आली आणि सगळी वसाहत रस्त्यावर आली. भूकंप किल्लारीचा होता, पण ते नाव तोवर कुणाच्या कानावर नव्हतं. पुरुष बॅटरीच्या उजेडात भिंतींच्या भेगा शोधत होते, बाया आपापली पोरं मोजत होत्या. तेवढ्यात अम्मा घरात शिरल्या. माझी आई ओरडली, “अहो, कुठं निघालात? पुन्हा हादरलं म्हंजे?” अम्मा बाहेर आल्या त्या वातीचा स्टो, पावडरीचा डबा आणि फिल्टर घेऊन. दागिने आतच राहिले.

रस्त्याच्या कडेला पाणी तापलं. वरच्या भांड्यात पावडर, तिच्यावर छत्री, मग पाणी, मग झाकण. आणि मग बसून राहायचं. आम्ही पोरं झाकणाला हात लावायला जायचो. “नको रे, ते येतंय आपोआप,” अम्मा म्हणायच्या. दूधवाला त्या दिवशी आला नाही. बिनदुधाची, साखरेची, दोन-दोन घोट कॉफी बायांनी वाट्यांतून प्यायली. माझी आईसुद्धा प्यायली, आणि तिला ताप नव्हता.

हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे कॉफी म्हणजे आजारपण. चहा सगळ्या वेळांचा, कॉफी डोकं दुखण्याची. आजी तापात कॉफीची वडी दुधात उकळून द्यायची. धडधाकट माणसाने कॉफी मागितली की घरची बाई गॅसपाशी थबकते आणि काळजीने विचारते, “का हो, बरं वाटंना का?” मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना तेवढी सूट. आणि कॉफी केलीच तर तिच्यात जायफळ. झोप उडवणाऱ्या पेयात झोप आणणारं फळ किसून घालण्याची ही अक्कल कुणाची, मला आजवर कळलेलं नाही. त्या जायफळावर माझा जुना राग आहे.

इतिहास पाहिला तर कॉफी आमच्याकडे अशी परकी राहायला नको होती. बीड 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतं, आणि निजामाच्या फौजेत हद्रमौतचे अरब होते. हद्रमौत येमेनमधलं. हैदराबादच्या बारकस भागात त्यांचे वंशज आजही राहतात. जगाला कॉफी गेली ती येमेनच्या मोखा बंदरातून. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात हजहून परतताना सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथाही त्याच वाटेवरची. म्हणजे कॉफीच्या मुलखातली माणसं तलवारी घेऊन आमच्या राज्यात आली, पण त्यांची कॉफी काही आमच्या चुलीपर्यंत पोचली नाही. हैदराबादेहून आम्ही उचलला तो इराणी चहा. कॉफी पोचली अम्मांच्या सामानातून, थर्मलच्या नोकरीमागून.

आता फिल्टर नाही, तर मी पातेल्यात करते. पाणी उकळलं की गॅस बंद करायचा आणि अर्धं मिनिट थांबायचं. दोन कपांना तीसेक ग्रॅम पावडर घालून एकदा ढवळायचं, चार मिनिटं झाकायचं. गाळ खाली बसला की धुतलेल्या सुती फडक्यातून गाळायचं. ते फडकं कॉफीसाठीच ठेवायचं आणि त्याला साबण लावायचा नाही. बिया मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायच्या. फडक्याला जाड रव्याइतकं दळण चालतं, फिल्टरला बारीक रव्याइतकं. पिठासारखं झालं तर फिल्टर तुंबतो आणि कॉफी कडू होते. फिल्टरमधून दाट डिकॉक्शन उतरायला अर्धा तास तरी लागतो. छत्री दाबून घाई केली तर तो आणखी अडतो. पावडर घेताना पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. चिकोरीचं प्रमाण छापणं बंधनकारक आहे आणि कायद्याने ती 49 टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे कॉफी म्हणून घरी आणलेल्या पाकिटात निम्मं भाजलेलं मूळ असू शकतं. चिकोरीशी माझं वैर नाही, रंग आणि दाटपणा तीच देते, पण पैसे कशाचे मोजतोय ते माहीत असावं.

लेकाच्या मशीनला मात्र दोन गोष्टी लागतात, खात्रीची वीज आणि चांगलं पाणी. बीड जिल्ह्यातल्या माणसाला या दोन्हींवर हसू येईल. परळीत वीज तयार व्हायची आणि पाच-दहा कोसांवरच्या गावांत भारनियमनाचं वेळापत्रक तोंडपाठ असायचं. पाण्याचं तर विचारूच नये. कॉफीच्या कपात 98 टक्के पाणीच असतं. आमच्या बोअरचं पाणी जड. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो तोच क्षार कॉफीतला हलका आंबटपणा मारून टाकतो आणि चव मातकट लागते. मशीनच्या नळ्याही तोच बुजवतो. जारचं पाणी घ्यावं तर त्यात क्षार जवळपास नसतातच, कॉफी पातळ आणि पोकळ लागते. मी दोन्ही निम्मं-निम्मं मिसळते.

पाण्याने परळीत याहून मोठ्या यंत्राचीही परीक्षा घेतली. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून फेब्रुवारी 2013 मध्ये सगळं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, माणसं होती, पाणी नव्हतं. जुने संच पुढे कायमचेच बंद झाले. आमच्या ओळीतल्या घरांपुढे आता वेड्या बाभळी माजल्या आहेत. अम्मा त्याच्या कितीतरी आधी बदलीवर गेल्या. जाताना सामानाच्या ट्रकपाशी त्यांनी फिल्टर आईच्या हातात दिला. म्हैसूरला असे पुष्कळ मिळतात, म्हणाल्या. आईने तो शेवटपर्यंत वापरला, आणि दारात कुणी आलं की आधी सांगून टाकायची, “बरी आहे मी, उगीच पितेय.”

भूकंपाच्या पहाटे अम्मा आत का गेल्या, हे मी आईलाही विचारलं होतं. ती म्हणाली, “एवढी माणसं बाहेर बसली होती. त्यांना काहीतरी द्यायला नको?” याहून मोठं कारण मला अजून सापडलेलं नाही. मशीन बटण दाबलं की एक कप देतं. अम्मांनी वाटीभर डिकॉक्शनमध्ये पाणी वाढवून अख्खी ओळ सांभाळली.

तेव्हा मशीनसाठी पैसे साठवत असाल तर ते ताज्या भाजलेल्या बियांवर घाला. थोड्याच आणा आणि महिन्याच्या आत संपवा. पाणी चाखून घ्या. फिल्टर स्टीलचा घ्या, त्याला कल्हई लागत नाही. आणि मराठवाड्यातल्या माझ्या बायाबापड्यांना एकच विनंती आहे. पाहुण्याने कॉफी मागितली तर करून द्या. त्याची तब्येत विचारू नका आणि जायफळाची डबी उघडू नका.