गाडीला मोतीबिंदू

आज राजकारणावर नाही. गटात कोण उभं राहणार, कोणाचं तिकीट कापणार यावर लिहायला आपल्याकडं भरपूर जण आहेत. आज गाडीच्या पुढच्या लाईटवर लिहितोय. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

रात्री आठच्या सुमारास केदारखेड्याच्या रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहा आणि जालन्याकडून येणाऱ्या गाड्या बघा. आठ-दहा वर्षं झालेली कुठलीही गाडी घ्या, लाईटची काच ताक भरल्यासारखी दिसते. काहींची तर पार हळदीच्या पाण्यासारखी. आतला बल्ब चांगला पेटलेला असतो, पण रस्त्यावर उजेड पडतच नाही.

काच म्हणतो आपण, पण ती काच नाही. जुन्या अॅम्बेसेडर, फियाट, जीप यांना खरी काच होती. दगड लागला की फुटायची, पण पिवळी कधी पडली नाही. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. वजनाला हलकं, सहजासहजी फुटत नाही, पाहिजे तसा आकार देता येतो. वैरी एकच, ऊन. म्हणून कंपनी त्यावर पारदर्शक थर देऊन पाठवते. काही वर्षांत तो थर उडतो आणि मग खालचं प्लास्टिक भाजायला लागतं. आपल्याकडं शेड किती जणांकडं आहे? एप्रिल-मेच्या उन्हात गाडी दिवसभर अंगणात उभी. वरून शेताची धूळ. ती धूळ आपण कोरड्या गमछानं पुसतो, म्हणजे रोज थोडं थोडं घासतोच.

अमेरिकेत ट्रिपल ए म्हणून वाहनधारकांची मोठी संस्था आहे. त्यांनी २०१८ मध्ये हे मोजून बघितलं. पिवळ्या पडलेल्या लाईटचा उजेड नव्या लाईटच्या जेमतेम २० टक्के निघाला. साफ केल्यावर तो साधारण ७० टक्क्यांपर्यंत परत आला. आता आपला हिशोब करा. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. माणूस दिसायला एक सेकंद उशीर झाला तर ब्रेकवर पाय जायच्या आधीच १७ मीटर संपले.

आणि दिसायचं कोणाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रब्बीत रात्रीची लाईन आली की बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघालेला शेतकरी. मागं लाल दिवा नाही की रेडियम नाही अशी ट्रॉली. कडेनं चाललेली बैलगाडी. अंगारकीला राजूरच्या गणपतीला रात्रभर पायी जाणारी माणसं, त्यात लेकरं कडेवर घेतलेल्या बायका. यांच्याजवळ ना इंडिकेटर, ना हॉर्न. समोरच्या गाडीच्या लाईटवरच त्यांचा भरोसा. आणि त्याच रस्त्यानं हंगामात पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून मिरची भरलेल्या पिकअप रात्रीच्याच पळतात, कारण माल सकाळी बाजारात पोचला पाहिजे.

उजेड कमी पडला की आपण काय करतो? बल्ब बदलतो. पांढरा झकपक एलईडी टाकतो, नाहीतर ९०/१०० वॉटचा. बहुतेक गाड्यांना ६०/५५ वॉटचा बल्ब दिलेला असतो, त्याचा लाईटच तेवढ्यासाठी बनवलेला असतो. जास्त वॉटच्या उष्णतेनं आतला चकचकीत आरसा जळतो, वायरिंग तापतं. काच तशीच धुरकट असली तर वाढवलेला उजेड पुढं न जाता चारी बाजूंना फाकतो. तुम्ही इमानदारीनं डिपर दिला तरी समोरच्याच्या डोळ्यात चमकतोच. मग तो चिडून अप्पर मारतो, तुम्ही त्याहून चिडून मारता, आणि पूर्णेच्या पुलावर दोघंही दोन सेकंद आंधळे.

मागं ओळखीतले एकजण वडिलांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जालन्याला गणपती नेत्रालयात घेऊन गेले होते. परत यायला रात्र झाली. हिरवी पट्टी लावलेले काका मागच्या सीटवरून म्हणाले, "बाळा, माझा काढला, आता गाडीचा काढ." हे त्यांनीच हसत हसत सांगितलं. गाडीत नवा एलईडी होता, दोन हजार घालून टाकलेला. काचेला मात्र कोणी हात लावलेला नव्हता.

आता मुद्द्याचं. हे तपासतं कोण? भाड्याच्या गाडीला पासिंग असतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. तिथं लाईट बघायचा नियम आहे. पण घरच्या कारची नोंदणी एकदम १५ वर्षांची. या १५ वर्षांत पीयूसी सोडली तर सरकारी तपासणी म्हणून गाडीपुढं कोणी उभं राहत नाही. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि कागद देतो. गाडीच्या मागं काय निघतं त्याचं सर्टिफिकेट, पुढं काय दिसतं याचं काहीच नाही.

उपाय अवघड नाही. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला रोजचं काम आहे, घरीही जमतं. आधी काच साबणाच्या पाण्यानं धुवायची. बाजूच्या पेंटला टेप लावायची, नाहीतर बॉनेटचा रंग जाईल. मग पाण्याचा पॉलिश पेपर, पहिल्यांदा ८०० नंबर, मग १५००, मग २०००, मिळाला तर ३०००. पेपर आणि काच सतत ओली ठेवायची. सुरुवातीला काच आणखी पांढरी होते, तिथंच माणसं घाबरून सोडून देतात. घाबरू नका, तो जुना थर निघत असतो. शेवटी रबिंग कंपाउंड लावून मऊ फडक्यानं घासलं की काच उघडते.

खरी गोम यापुढं आहे. घासून चकचकीत केली आणि तशीच सोडली तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते, कारण ऊन अडवणारा थरच तुम्ही काढून टाकलेला असतो. वरून ऊन अडवणारा क्लिअर कोट मारलाच पाहिजे. गॅरेजवाल्याला आधीच विचारा, "घासून देणार का कोट मारून?" दोन्हीच्या पैशात फरक आहे, टिकण्यात त्याहून जास्त. हार्डनर मिसळायचा कोट असेल तर त्याची वाफ वाईट. मोकळ्या जागी आणि चांगला मास्क लावूनच मारायचा, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

टूथपेस्टचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. खोटा नाही, पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, थोडा फरक पडतो. पण टिकत नाही. थिनर किंवा पेट्रोल मात्र लावू नका, प्लास्टिकला बारीक तडे जातात आणि मग काहीच करता येत नाही. आतून पाणी साचलं असेल किंवा आरसा जळाला असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग शून्य. तिथं लाईटच बदलायचा.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं. बॅनर लागतात, हेल्मेटची रॅली निघते, ट्रॉल्यांना रेडियम लावतानाचे फोटो येतात, ते आम्हीच छापतो. जालन्याच्या परिवहन कार्यालयाला एवढीच विनंती, यंदा एक दिवस भोकरदन तालुक्यात रात्री गाड्या थांबवा. पावती फाडू नका. ज्याची काच पिवळी आहे त्याला फक्त त्याच्या गाडीपुढं उभं करून रस्त्यावरचा उजेड दाखवा. आणि अंगारकीच्या आधी जमवलं तर फार बरं.

तोवर राजूर, केदारखेडा, भोकरदनच्या गॅरेजवाल्यांनी खाली कमेंटमध्ये रेट टाका. एका जोडीचे घासून किती, कोट मारून किती. मी पोस्टमध्ये वर जोडत जातो.