अजिंठा सोमवारी बंद

आमच्या नानांनी छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि त्यातली छत्तीसही वर्षं अजिंठा न पाहता शिकवला. वाघूर नदीचं वळण, घोड्याच्या नालेसारखा कडा, ओळीनं कोरलेली लेणी, हे सगळं ते फळ्यावर खडूनं असं काढीत, की मास्तर तिथंच जन्मले असावेत असं पोरांना वाटे. आई दर दिवाळीच्या सुट्टीत म्हणायची, "एकदा ते खरं दाखवा तरी!" नानांचं उत्तर ठरलेलं, "रिटायर झाल्यावर जाऊ." मग नाना रिटायर झाले. मग आईचे गुडघे निघाले, मग नानांचा मोतीबिंदू. आणि गेल्या वर्षी आई गेली.

तेव्हा या खेपेला मीच उचल खाल्ली. रविवारी रात्री गाडीत बसलो, सोमवारी सकाळी जळगावला उतरलो आणि तिथून एस.टी.नं साठेक किलोमीटरवरचं फर्दापूर गाठलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या पाहुण्याकडे बघावं, तसं तिथला चहावाला आमच्याकडे बघत राहिला.

"आज सोमवार. लेणी बंद."

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनचं सगळं ज्यांना तोंडपाठ, त्यांना चालू आठवड्यातला एक वार ठाऊक नसावा! पण नाना पडले शिक्षक. "चौकशी करणं हे तुझं काम होतं," असं म्हणून त्यांनी मला नापास केलं आणि दोन चहा सांगितले.

मंगळवारी तिठ्यावरून बसनं लेण्यांपाशी पोचलो. समोर पायऱ्या. डोलीवाले धावत आले. नाना गरजले, "मी काय नवरी आहे?" डोलीवाल्यांनी मग आशेनं माझ्या पोटाकडे पाहिलं. मी सुटकेस आवळावी तसं ते आत आवळलं आणि चढू लागलो.

पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर आमच्या गाईडनं तोंड उघडलं आणि नानांनी ते मिटवलं. पुढच्या लेण्यांत तर गाईडच नानांना प्रश्न विचारू लागला. पैसे मात्र मीच त्याला द्यायचे होते.

दहाव्या लेण्यात एका खांबावर, डोक्याच्याही बरंच वर, कोरलेलं नाव दाखवलं गेलं. जॉन स्मिथ, एप्रिल १८१९. शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी. त्या काळी लेण्यात मातीचा ढीग होता, त्यावर उभं राहून साहेबानं चित्रावरच आपलं नाव कोरलं.

"माझ्या वर्गात असता तर अंगठे धरून उभा केला असता," नाना म्हणाले. मग जरा थांबून, "आणि मी काय केलं, तर छत्तीस वर्षं पोरांकडून त्याचंच नाव पाठ करून घेतलं. ज्यांनी दिव्याच्या उजेडात ही भिंत रंगवली, त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता आलं नाही."

त्यानंतर नाना कमी बोलू लागले. सव्विसाव्या लेण्यात तर बोलायचेच थांबले. डाव्या भिंतीशी बुद्ध उजव्या कुशीवर निजलेला. महापरिनिर्वाण. सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती. वर आकाशात देवगण, खाली शोक करणारे शिष्य, आणि पायांशी एक जण हातावर डोकं टेकवून बसलेला.

"यावर पाच मार्कांची टीप द्यायचो मी," नाना हळूच म्हणाले. "वरचे आनंदात, खालचे दुःखात, असं लिहून द्यायचो. पोरं घोकायची." चष्मा काढून ते धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. "तो पायांशी बसलाय ना... दवाखान्यात मी तसाच बसलो होतो का रे?"

"हो, नाना."

"तिला दाखवायला हवं होतं."

यावर मला काही सुचलं नाही. मी त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली. परत येताना डोलीवाले पुन्हा आडवे आले. या वेळी नाना मुकाट्यानं बसले आणि डोलीतूनच त्यांनी मला विचारलं,

"वेरूळ कधी बंद असतं?"

"मंगळवारी," मी म्हणालो. ही चौकशी मी आदल्या दिवशीच करून ठेवली होती.

"म्हणजे आज. मग उद्याच जाऊ. साहेबांना कळव, रजा वाढवली म्हणून. आता कुठलंही काही रिटायर झाल्यावर नको!"