बारूददाणीची पारख

धातूचे काडतूस सर्रास होण्याआधी शिकारी लोक बंदुकीची दारू तांब्या-पितळेच्या चपट्या चंबूत बाळगत. ती बारूददाणी. तांबे-पितळ अशासाठी, की आपटले तरी ठिणगी पडत नाही. वर आखूड नळी, तिच्या बुडाशी स्प्रिंगची झडप. नळीचे तोंड बोटाने दाबायचे, दाणी उलटी करायची, खटका दाबून सोडायचा. नळीत बरोबर एका बाराची दारू येते.

माझ्या मामाचे मुंबईच्या चोर बाजारात दुकान आहे. त्याच्याकडे एकच अस्सल दाणी आहे आणि ती तो विकत नाही. बाकी नव्या, शोभेच्या. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने मला फरक शिकवला. अस्सल दाणीवरच्या कुत्र्याचे केस वेगवेगळे दिसतात. अस्सलवरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत तोच कुत्रा साबणाचा वाटतो. अस्सल वजनाला हलकी, कारण पातळ पत्र्याचे दोन ठसवलेले भाग कडेला डाख देऊन जोडलेले असतात. जिथे हात आणि कपडा लागतो तिथेच ती झिजते. नक्कल तेजाबाने सगळीकडे सारखी काळी केलेली. ‘जेम्स डिक्सन अँड सन्स, शेफील्ड’ या नावावर मात्र जाऊ नये. नाव कोणीही उठवतो. माझा भरवसा झडपेवर. नकलेची झडप नीट मिटतच नाही, दारू भरली तर खिशात सांडेल.

एक गृहस्थ आले. वडील निवृत्त सुभेदार, त्यांच्या पंचाहत्तरीला भेट हवी होती. मामाने नवी दाणी पुढे केली आणि नेहमीचे वाक्य टाकले, “सत्तावनच्या शिपायाची आहे, साहेब.”

मी म्हणालो, “काका, शिपायाकडे दाणी नसायची. त्याला कागदी काडतूस मिळायचं. ते दातांनी तोडून दारू नळीत ओतायची. 1857 चा भडका त्याच्या चरबीवरूनच उडाला ना?”

हे आपण सगळे इतिहासात शिकतो. दुकानात आठवत नाही, एवढेच.

गृहस्थ हसले, “बरं सांगितलंस,” म्हणाले आणि काही न घेता गेले.

“महिन्याचं भाडं गेलं,” मामा म्हणाला.

“मामा, ती खरंच सत्तावनची असती तर तुला परवाना लागला असता.” 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. हे त्यानेच मला शिकवले होते. रात्री जेवताना तो माझ्याशी बोलला नाही. मामीने दोनदा वाढले, तो दोन्ही वेळा नको म्हणाला.

सकाळी दुकान उघडल्यावर त्याने माझ्यापुढे पुठ्ठ्याचा तुकडा आणि पेन ठेवले. “तुझं अक्षर बरं आहे. लिही, नवी, शोभेची. किंमत निम्मी टाक.”

मी परत शाळेत येईपर्यंत ती विकली गेली नव्हती.