हँडल मारायचे दिवस

आमच्या मळ्यातले इंजिन सुरू करायला माणूस एकच लागे, पण सल्ला द्यायला चौघे जमत. डीकॉम्प्रेशनची लिव्हर उचलायची, हँडल घालून चाक गरगर फिरवायचे, वेग आला की लिव्हर पाडायची आणि हँडल चटकन काढून घ्यायचे. थंडीत इंजिन रुसे. मग कोणी म्हणे डिझेल चढले नाही, कोणी म्हणे हवा धरली, आणि तेवढ्यात आजोबा धोतर खोचून पुढे येत. धुराड्यातून एकदाचा काळा भपकारा निघाला की दिवसभर टक्-टक् चाले आणि पाट भरून पाणी उसाला जाई. कोणाच्या विहिरीवर पाणी चालू आहे आणि कोणाचे इंजिन खोकते आहे, हे शिवारात नुसत्या आवाजावरून कळे. गावच्या पिठाच्या गिरणीने तर धुराड्यावर डबाच उपडा घातला होता. तो वाजू लागला की बायका दळण घेऊन निघत.

आता पुतण्या सांगलीत बसून मोबाइलवरून मळ्यातली मोटार चालू करतो. शेजाऱ्याकडे सौर पंप आला आहे, त्याला तर सूर्य उगवला की झाले. सोय झाली यात वाद नाही. हँडलचा उलटा झटका बसून मनगट गेलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या दिवसांची आरती ओवाळायला ती काही येणार नाहीत.

पण इंजिनाच्या पट्टीवरचे ‘किर्लोस्कर’ हे नाव आमच्या घरात आणखी एका वाटेने येत असे. आत्याच्या उशाशी ‘स्त्री’, काकाच्या पिशवीत ‘मनोहर’ आणि ओसरीवर सगळ्यांच्या हाती फिरून कोपरे दुमडलेला ‘किर्लोस्कर’. विहिरीवरही तेच आडनाव आणि वाचनातही तेच, याचे तेव्हा कोणालाच नवल वाटत नव्हते. आज वाटते. नांगर आणि चरकांच्या कारखान्याने गिऱ्हाइकांसाठी १९२० साली एक खबरपत्र काढावे, आणि वाढत वाढत त्याने मराठी मध्यमवर्गाला विधवाविवाहावर, अंधश्रद्धेवर, बायकांच्या शिक्षणावर भांडायला लावावे! ते चालवले शंकरराव किर्लोस्करांनी. कारखान्याच्या मालकाचा हा पुतण्या मुळात चित्रकार. जाहिराती करता करता संपादक झाला, आणि १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’ अशी भावंडेही त्याने त्या मासिकाला दिली. आजच्या कंपन्यांचे सामाजिक जबाबदारीचे गुळगुळीत अहवाल माझ्याकडेही येतात. त्यातले एकही पान भांडण लावत नाही.

या सगळ्या गोतावळ्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे शंतनुराव. कारखान्याचे मालक लक्ष्मणराव यांचे थोरले चिरंजीव, जन्म २८ मे १९०३, सोलापूरचा. वडिलांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची खात्री, त्यामुळे पहिले नांगर कितीतरी दिवस पडूनच राहिले. पुढे नगरपालिकेने जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी १०,००० रुपये दिले, आणि १९१० साली निवडुंग तोडून, साप हुसकावून किर्लोस्करवाडी उभी राहिली. शंतनू त्या वेळी सात वर्षांचा. इतर मुले अंगणात खेळतात तसा तो ओतशाळेच्या धगीजवळ वाढला. पुढे आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याने नावातच निवडुंग आणि गुलाब एकत्र आणले, ते काही उगाच नाही.

वाडीत घर कुठे संपते आणि कारखाना कुठे सुरू होतो हे सांगणे अवघड होते. लक्ष्मणराव यंत्रांशी बोलत, त्यांचे बंधू रामूअण्णा माणसांशी आणि हिशेबांशी, शंकरराव जाहिरात आणि मासिक पाहत. रात्री पहाऱ्यावर तुरुंगवास भोगून आलेली माणसे असत. मालकाने त्यांच्यावर भरवसा टाकला होता आणि तो त्यांनी पाळला. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हा दंडक होता. पगार, घर, नळ, वाचनालय, नाटक, सारे एकाच कुंपणात. माझा भाचा हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहे. त्याला हे सांगितले तर म्हणाला, “मामा, एवढे नातेवाईक एका ऑफिसात? एचआर परवानगीच देणार नाही.” बरोबर आहे त्याचे. या व्यवस्थेत कर्त्या माणसाचा शब्द शेवटचा असे, तो चुकला तर दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न तेव्हाही होताच. पण भाच्याच्या बायकोला तो नेमके काय काम करतो हे सांगता येत नाही आणि मुलांनी त्याचे ऑफिस फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिले आहे, हेही तितकेच खरे. शंतनुरावांच्या मुलांना बाप काय करतो हे विचारावे लागले नसेल. घरात वंगणाचा वास येत असणार.

शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. त्या संस्थेतून पदवी घेणाऱ्या पहिल्यावहिल्या भारतीयांत त्यांचे नाव येते. आले ते थेट वाडीत, वडिलांच्या हाताखाली. परदेशी शिकलेला मुलगा आणि हातोडीने शिकलेला बाप यांचे पटले नसते तर कादंबरी झाली असती. पटले, म्हणून उद्योगसमूह झाला. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांची कंपनी निघाली, त्याच वर्षी बंगळूरला इलेक्ट्रिकची. आमच्या मळ्यातले ते रुसके इंजिन खडकीचेच.

मध्ये १९४८ आले. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडी जाळण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर. आयुष्यभर जमवलेले डोळ्यांसमोर जळणे म्हणजे काय, ते आपण नुसते वाचतो. पण वाडी पुन्हा उभी राहिली, तीही त्याच जागी. म्हाताऱ्याने ती चालू झालेली पाहिली आणि मग १९५६ साली डोळे मिटले.

त्यानंतरची वर्षे पुण्याची. खडकीला इंजिने, हडपसरला कॉम्प्रेसर, कोथरूडला १९६२ पासून अमेरिकेच्या कमिन्सशी भागीदारी. कोथरूड तेव्हा गावाबाहेर होते. आज तिथे सदनिकेचा भाव ऐकून खाली बसावे लागते. कारखान्यांच्या कामगारांच्या गाड्या ठरल्या चौकात ठरल्या मिनिटाला येत, आणि त्यावर घरातली घड्याळे लावणारे लोक मला माहीत आहेत. एका कंपनीत चिकटायचे आणि तिथूनच निवृत्त व्हायचे, ही नोकरीची व्याख्या होती. भाच्याने बायोडाटा दाखवला, त्यात कंपन्यांची नावे एका पानात मावत नव्हती. मी काही बोललो नाही. तोही काही सुखासुखी फिरत नाही. कंपन्याच माणसाला धरून ठेवत नाहीत.

शंतनुरावांना सरकारने १९६५ साली पद्मभूषण दिले, पण म्हणून ते सरकारचे गोडवे गात बसले नाहीत. किती इंजिने बनवायची हे दिल्लीच्या परवान्याने ठरावे, याचा त्यांना मनस्वी राग होता आणि तो ते जाहीरपणे, नाव घेऊन, आकडे देऊन बोलून दाखवत. परवाना देणाराच समोर बसलेला असताना असे बोलायला छाती लागते. आज परवाने उरले नाहीत, उद्योगपतींना मोकळे रान आहे, आणि अर्थसंकल्पाच्या संध्याकाळी सगळे एका सुरात दहापैकी नऊ गुण देतात. १९९१ साली परवान्यांची ही कुलपे निघाली तेव्हा शंतनुराव ८८ वर्षांचे होते. त्यानंतर तीनच वर्षांनी, २४ एप्रिल १९९४ रोजी, ते गेले. हयातभर ज्यासाठी भांडले ते दिसले, वापरायला मात्र मिळाले नाही.

घरी ते कसे होते याचा अंदाज मला त्यांच्या बंगल्याच्या नावावरून येतो. मॉडेल कॉलनीतल्या त्या वास्तूवर स्वतःचे नाव घातले नाही, बायकोमुलांचेही नाही. लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर यांची आद्याक्षरे जोडून ‘लकाकी’. पुढे रस्त्याला तेच नाव, तळ्यालाही तेच. रिक्षावाल्याला विचारले तर तो ‘लकाकी म्हणजे काहीतरी चमकणारे असेल’ म्हणतो. सायकल दुरुस्त करणाऱ्या एका बापाला मुलाने घातलेली ही हाक आहे हे पुण्यात आता थोड्यांनाच ठाऊक असेल. पत्नी यमुताई, मुले, सुना, नातवंडे, एवढ्या गोतावळ्याचा तो कर्ता. नातवांच्या पिढीत मात्र नावाच्या आणि कंपन्यांच्या वाटणीवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याने मन खट्टू होते. पण घर आणि कारखाना एकच ठेवले की घराची भांडणे कारखान्यात शिरणार, हेही त्या जुन्या व्यवस्थेतच लिहिलेले होते. नुसत्या नव्या पिढीला बोल लावणे सोपे पडते, इतकेच.

गेल्या दिवाळीत भाच्याच्या मुलाने अमेरिकेतल्या विद्यापीठांचे अर्ज भरायला घेतले. एमआयटीचे नाव यादीत पहिले. मी त्याला शंतनुरावांची गोष्ट सांगितली, सविता भाव्यांनी लिहिलेले चरित्रही काढून दिले. पोराने मन लावून ऐकले आणि विचारले, “पण शिकून झाल्यावर ते कुंडलला का परत आले?” भाचा माझ्याकडे पाहू लागला. वडिलांना माणूस हवा होता म्हणून आले, असे मी सांगितले. “मग तूही ये,” असे त्या मुलाला खोलीतले कोणीच म्हणाले नाही. मीही नाही.