हायबरीची काळोखी खोली

लंडनला जाऊन आलेल्या माणसाने काय सांगावे, याची यादी आपल्याकडे केव्हाच ठरून गेली आहे. टेम्सवरचा पूल, राजवाड्यापुढचे लाल डगलेवाले शिपाई, ब्रिटिश म्युझियममध्ये दुखलेले पाय आणि चहाबद्दलची तक्रार. मीही ती यादी पाच दिवसांत इमानाने पुरी केली. सहाव्या दिवशी मात्र पुतण्याला म्हणालो, "आज मला हायबरीला ने."

"काका, तिथे काही नाहीये बघायला."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

पुतण्या म्हणजे माझ्या आतेभावाचा मुलगा. या आतेभावाला आम्ही सारे 'दादा' म्हणत असू. दादा बोटीवर इंजिनियर होता. सहा-आठ महिन्यांनी तो घरी येई तेव्हा त्याच्या बॅगेतून साबणाचा परदेशी वास येई, आणि चॉकलेटांबरोबर कॅसेटही निघत. 1993 साली, मी नववीत असताना, त्याने मला एक कॅसेट दिली. मुखपृष्ठावर फांद्यांना शंखशिंपले लगडलेले एक झाड होते. बँडचे नाव टॉक टॉक, कॅसेटचे 'स्पिरिट ऑफ ईडन'.

मी टेपरेकॉर्डर लावला. गाणे सुरूच होईना! कुठे दूरवर तुतारीसारखे काही, पुसटसे तंतुवाद्य, मग पुन्हा काही नाही. कॅसेट बिघडली असे ठरवून मी पेन्सिलीने फीत गुंडाळली, पुन्हा लावली. तेच. दोन-अडीच मिनिटांनी एक गिटार कण्हत आल्यासारखी आली. दुसऱ्या दिवशी दादाला सांगितले, "तुमची कॅसेट फॉल्टी आहे." दादा इतका हसला की आत्या स्वयंपाकघरातून पाहायला आली.

हायबरी न्यू पार्क हा रुंद, झाडांनी झाकलेला रस्ता. दोन्ही बाजूंना जुनी, ऐसपैस विटांची घरे. सेंट ऑगस्टीनच्या चर्चशेजारी त्याच चर्चचा जुना हॉल आहे. टोकदार छपराची, देवळासारखी गंभीर इमारत. वेसेक्स नावाचा स्टुडिओ याच हॉलमध्ये होता. आता तिथे फ्लॅट झाले आहेत. फाटकापलीकडे सायकली होत्या आणि एका खिडकीत मांजर बसले होते. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. "सांगितलं होतं ना?" हे तो तोंडाने बोलला नाही, हे त्याचे संस्कार.

1982 साली टॉक टॉकची पहिली तबकडी आली, तेव्हा इंग्लंडमध्ये सिंथेसायझरचे राज्य होते. एका पेटीतून सारा वाद्यवृंद निघे. जो तो तरुण केस उभे करून त्या पेटीमागे उभा राही. यांचीही गणना त्यांतच झाली. नाव दुहेरी, कंपनी तीच आणि निर्माताही तोच. त्यामुळे लोक त्यांना ड्यूरन ड्यूरनची धाकटी पाती समजत. त्यांचा गायक मार्क हॉलिस 1955 साली इथून जवळच टॉटनहॅमला जन्मला. पुढे त्यानेच सांगितले की सिंथेसायझर ही आमची काटकसर होती; खरी वाद्ये आणायला पैसे कुठे होते! मला हे फार आवडले. पुष्कळांची 'शैली' अशी खिशातूनच ठरते.

पैसे आले ते 1984 आणि 1986 सालच्या तबकड्यांनी. 1984 सालचे त्यांचे 'इट्स माय लाइफ' 2003 साली नो डाउट या अमेरिकन बँडने पुन्हा गायले. आपल्या मुलाबाळांनी ते ऐकले असेल. 1986 साली हाती यश होते, कंपनी खूष होती. दुसऱ्या कुणी त्याच चालीवर आणखी चार गाणी काढली असती. हे मात्र 1987 साली या हॉलमध्ये शिरले आणि जवळजवळ वर्षभर बाहेर आले नाहीत.

आत काळोख करून ठेवलेला असे. भिंतींवर रंगीत तेलाचे तरंग पाडणारा एक प्रोजेक्टर तेवढा चाले. वादक येत, त्यांना नीट काही न सांगता वाजवायला लावत. तासन् तास वाजवलेल्यातले चार सूर ठेवत, बाकी पुसून टाकत. हॉलिसचा जोडीदार टिम फ्रीझ-ग्रीन आणि ध्वनिमुद्रक फिल ब्राउन यांनी ही वेचणी केली. त्यातून 1988 साली अवघी सहा गाणी निघाली. पहिली तीन तर एकमेकांत मिसळलेली. सिंथेसायझर गेला होता. उरली होती हार्मोनियमसारखी धाप लागलेली वाद्ये, तोंडाने वाजवायचा बाजा, आणि मधली रिकामी जागा. कंपनीने 'हे विकण्याजोगे नाही' म्हणून चक्क दावा लावला. तो कोर्टात टिकला नाही. 1991 साली आणखी एक तबकडी, 1998 साली हॉलिसची एकट्याची एक, आणि मग तो घरीच राहिला. मुलांजवळ राहायचे होते म्हणे. 2019 साली गेला, तोवर परत गायला आला नाही.

दादाने 2003 साली बोट सोडली. मुलगा सहा वर्षांचा होता. मी तेव्हा तासिका तत्त्वावर तीन कॉलेजांत धावत होतो; डॉलरमधला पगार सोडणारा माणूस मला वेडा वाटला. मी त्याला आत्याच्या देखत बोललो. "हातपाय धड असताना घरी बसणं याला काय म्हणतात, माहीत आहे ना?" दादा काही बोलला नाही. पुढे अठरा वर्षे आम्ही लग्नकार्यात भेटत राहिलो, हवापाण्याचे बोलत राहिलो. 2021 साली तो गेला. कॅसेट माझ्याकडेच आहे.

हे सगळे मी त्या फाटकापुढे पुतण्याला सांगितले. सांगायला मला सात हजार किलोमीटर यावे लागले.

तो जरा वेळाने म्हणाला, "मला त्यात वेगळं काही वाटायचंच नाही, काका. शाळेतून आलो की बाबा घरी असायचे. मला वाटायचं, सगळ्यांचेच असतात."

इतक्यात भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई फाटकाशी आल्या. "द क्लॅशसाठी आलात ना?" त्यांनी विचारले. द क्लॅशची 'लंडन कॉलिंग' 1979 साली इथेच मुद्रित झाली होती. बहुतेक यात्रेकरू त्यांचेच. टॉक टॉक म्हटल्यावर बाईंनी भुवया उंचावल्या. "ते शांत लोक होय!" म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुतण्याने खिशातून मोबाइल काढला. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. चर्चच्या कठड्याशी आम्ही उभे राहिलो. तंबोरे जुळत असताना बैठकीत जी शांतता असते, तशी ती सुरुवात. बसचा आवाज येत होता, पाने वाजत होती.

मिनिटभराने तो म्हणाला, "काका, हे सुरू झालंय ना? की फोन अडकलाय?"