देणगीची ठेव: आम्ही कुठे चुकलो

गावातल्या लहान संस्थेला देणगी देणारा माणूस पावती घेतो, हात जोडतो आणि निघून जातो. त्या पैशाचं पुढे काय झालं, हे तो सहसा विचारत नाही. कवठे येमाईत गरजू मुलांच्या शिक्षणाला मदत करणारी आमची एक छोटी नोंदणीकृत संस्था आहे. तिचा खजिनदार म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. देणगीदार विचारत नाही म्हणून आम्हीही स्वतःला विचारलं नाही, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. ते सगळं मला नीट लिहून ठेवायचं आहे.

पैसा यायचा तो अनेक वाटांनी. येमाईच्या यात्रेला येणारी मुंबईकर मंडळी पाकीट द्यायची. कांद्याला भाव सापडला की एखादा शेतकरी आपणहून घरी यायचा. रांजणगाव एमआयडीसीत नोकरी लागलेली मुलं पहिल्या पगारातून काहीतरी द्यायची. एका निवृत्त शिक्षकाने पत्नीच्या स्मरणार्थ मोठी रक्कम दिली. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, अशी त्यांची अट होती. आयुष्य तमाशाच्या फडात काढलेल्या एका वृद्ध कलावंताने दिलेली रक्कम लहानशी होती, पण तिचा वापर फक्त कलावंतांच्या मुलांसाठी व्हावा, असं त्यांनी पत्रात लिहून दिलं होतं. गंगारामबुवा कवठेकर आणि बी. के. मोमीन कवठेकर या लोककलावंतांच्या गावात अशी देणगी येणं स्वाभाविकच होतं.

या सगळ्या पैशाला आम्ही एकच खातं केलं. ही पहिली चूक, आणि पुढच्या सगळ्या चुका तिच्यातूनच निघाल्या. यंदाच खर्चायचा पैसा, कायम निधी आणि विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा एकत्र झाला की समोर फक्त बेरीज दिसते. बेरीज दिसली की मनात पहिला प्रश्न येतो, व्याज कुठे जास्त मिळेल?

बैठकीत तो प्रश्न आला तेव्हा राष्ट्रीयीकृत बँक आणि तालुक्यातली एक पतसंस्था, एवढे दोनच पर्याय आमच्यापुढे होते. पतसंस्था दोन-अडीच टक्के जास्त देत होती. तिचे संचालक ओळखीचे होते, लग्नाकार्यात भेटणारे. "अण्णा, आपलीच माणसं आहेत, रात्री बारा वाजता पैसे मागितले तरी देतील," असं एक सहकारी म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या जादा व्याजात आणखी दोन मुलींची वसतिगृहाची फी बसते, असा हिशेब मी स्वतः मांडून दाखवला होता. हेतू चांगला असल्यामुळे कुणी पुढचं विचारलं नाही. कायम निधीसकट बहुतेक सगळी रक्कम तिथे मुदत ठेवीत गेली.

खरं तर हा निर्णय आमच्या हातातच नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ ने तो आधीच करून ठेवला आहे. विश्वस्त संस्थेचा जो पैसा लगेच वापरायचा नाही, तो शेड्यूल्ड बँकेत, पोस्टाच्या बचत बँकेत, राज्य सरकारने त्या कामासाठी मान्य केलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचा. यापलीकडे कुठे ठेवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायची. पतसंस्था ही बँक नव्हे. प्राप्तिकराची सवलत घेणाऱ्या संस्थांसाठी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यानेही कलम ११(५) मध्ये मान्य जागांची यादी दिली होती. त्या यादीबाहेर पैसा ठेवला तर सवलत धोक्यात येते.

हे मला माहीत नव्हतं, असं म्हणून मी सुटू शकत नाही. विश्वस्त संस्थेच्या लेखापरीक्षकाला दरवर्षी ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतात. संस्थेचा पैसा कलम ३५ च्या विरुद्ध गुंतवला आहे का, हा त्यातलाच एक प्रश्न. आमच्या अहवालात त्यापुढे सरळ 'होय' लिहिलेलं होतं. मी त्याच पानाखाली सही केली होती. वाचलं होतं फक्त शेवटचं पान, जमा-खर्चाचं.

पुढे पतसंस्थेत थकीत कर्जं वाढली, ठेवीदारांची रांग लागली आणि पैसे देणं थांबलं. ओळखीचे संचालक फोन घेईनासे झाले. त्यांना दोष देण्यात मला रस नाही. ओळख हे तारण समजणारे आम्ही होतो. बँक बुडाली तर ठेवीदाराला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. १९९३ पासून ते १ लाखापर्यंत होतं, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झालं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते लागूच होत नाही, हे आम्हाला त्या रांगेत उभं राहिल्यावर कळलं.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. आमच्या मदतीवर शिरूरला अकरावी विज्ञानाला जायचं ठरवून बसलेली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. मागच्या वर्षीच आम्ही तिला शब्द दिला होता. "भाऊ, यंदा जमणार नाही का?" एवढंच तिच्या वडिलांनी विचारलं. ठेव अडकली आहे, हे मी त्यांना समजावत राहिलो. त्यांचा ठेवीशी काय संबंध? ती मुलगी गावातच राहिली, कला शाखेला गेली. ती शिकली, तिचं चाललं आहे. पण तिने निवडलेला रस्ता आमच्यामुळे बंद झाला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच आहे. बुडालेल्या रकमेइतकी देणगी पुन्हा गोळा करता येते.

त्यानंतर आम्ही उलट टोकाला गेलो. नवी देणगी आली की बचत खात्यात टाकायची आणि हात लावायचा नाही, असं सुरू झालं. भीतीपोटी शिष्यवृत्त्याही कमी केल्या. संस्थेने उत्पन्नाचे ८५ टक्के आपल्या उद्देशावर खर्च करावेत, आणि उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त मागे ठेवायचं तर कारण लिहून, ठरलेला फॉर्म भरून, जास्तीत जास्त ५ वर्षांसाठी ठेवावं, असा प्राप्तिकराचा नियम आहे. आम्ही तोही मोडायच्या बेतात आलो. पैसा सुरक्षित होता, पण ज्या मुलांसाठी तो आला होता त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. या चुकीबद्दल गावात कुणी आम्हाला बोल लावला नाही, म्हणून ती जास्त काळ टिकली.

याच काळात रस्त्याकडेला गाळे बांधून भाडं घ्यावं, अशी सूचना आली. पैसा फंडाचा दाखला देण्यात आला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडेला काचेचा कारखाना निघाला, मग आपण गाळे का नकोत? दाखला मोठा होता आणि मी क्षणभर गप्प झालो. पण स्वदेशी उद्योग उभा राहावा म्हणूनच लोकांनी पैसा फंडाला पैसा दिला होता. आमच्या दात्यांनी मुलांच्या फीसाठी दिला होता. गाळे बारगळले, आणि ते योग्यच झालं, असं मला आजही वाटतं.

आता आम्ही आधी पत्रं उघडतो. कुणी कशासाठी दिलं, हे वेगळ्या वहीत उतरवतो. कायम निधीची स्वतंत्र ठेव आहे, कलावंतांच्या मुलांसाठीची वेगळी आहे. ठेवीची पावती कधी पिकणार, हे व्याजाच्या दराआधी बघतो. पूर्वी आमच्या ठेवी मार्चमध्ये पिकायच्या आणि आपोआप पुढे सरकायच्या. फी लागते जून-जुलैत. तेव्हा ठेव मोडावी लागे आणि व्याज कापलं जाई. आता मुदती मे अखेरच्या धरतो. एकाच बँकेत सगळं ठेवत नाही. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले म्हणजे विमा दुप्पट होतो, असाही आमचा समज होता. तो चुकीचा आहे, कारण ५ लाखांची मर्यादा बँकेमागे आहे आणि सगळ्या शाखा मिळून एकच धरतात. शिवाय नुसतं मोठं नाव बघून चालत नाही. १९१२ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. तिच्यात पैसे ठेवणारी माणसं काही बेफिकीर नव्हती.

सगळ्यात उपयोगी पडलेला बदल अगदी साधा आहे. ठेवीचा ठराव करताना कलम ३५ मोठ्याने वाचायचं, आणि ज्या विश्वस्ताचं त्या बँकेशी नातं किंवा देणंघेणं असेल त्याने त्या ठरावावर मत द्यायचं नाही. पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी दुखावले. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?" असं त्यांनी विचारलं. विश्वास आहे, पण पैसा आपला नाही, एवढंच मी म्हणालो. ते नंतर आले आणि त्यांनी सहीही केली.

त्या पतसंस्थेकडून काही रक्कम तुकड्यातुकड्यांनी परत आली. बाकीची अजून येणे म्हणून ताळेबंदात दिसते आणि दरवर्षीच्या सभेत मी ती वाचून दाखवतो. शिक्षकांच्या पत्नीच्या नावाचा निधी आम्ही विश्वस्तांनी स्वतःच्या खिशातून भरून पूर्ववत केला.

तुमच्या गावात संस्था, देवस्थान किंवा मंडळ असेल आणि तुम्ही त्याचे विश्वस्त असाल, तर ३१ मार्चचे हिशेब लेखापरीक्षकाकडे जाण्याआधी ठेवींच्या सगळ्या पावत्या एकदा टेबलावर काढा. प्रत्येक पावती कुणाची, कशासाठी आणि कुठे, हे बघा. मागच्या वर्षीच्या अहवालात कलम ३५ च्या प्रश्नापुढे काय लिहिलं आहे, ते वाचा. आणि तुम्ही देणगीदार असाल, तर पावती घेताना हेच विचारा. खजिनदाराला राग आला तरी विचारा.